विंडोज नाइन्टी एट आणि शकूआत्या

कोपरीच्या मंडळाचे कार्यकर्ते शकूआत्याच्या घरी आले तेव्हा ती मटार सोलत बसली होती. यंदा भीमजयंतीच्या संध्याकाळी तुम्ही गायलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आत्याने स्टेज सोडून बारा वर्षं झाली होती. सत्तरी गाठलेली, गुडघ्याला पट्टा, आणि जिना चढताना ती मध्येच कठड्याला टेकून शेजारणींशी गप्पा मारायला थांबायची. गप्पा म्हणजे दम खाणं, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. तरी तिने फार आढेवेढे घेतले नाहीत.

"गाते की," ती म्हणाली. "पण ते मोबाईलवरचं कराओके मला चालायचं नाही. आमच्या महेंद्रचं म्युझिक असेल तरच गाणार."

आणि पाहुणे चहा पीत असतानाच तिने डोंबिवलीला फोन लावून धाकट्या भावाला तसं कळवूनही टाकलं.

महेंद्र एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाला होता, पण त्याचा खरा जीव कीबोर्डमध्ये. पूर्वी त्यांची धम्मदीप गायन पार्टी होती. आत्या गायची, तिचा नवरा दगडू गाणी लिहायचा, महेंद्र चाली बांधायचा. वादक मात्र कधी पुरते जमायचे नाहीत. ट्रम्पेटवाला नाईट शिफ्टला, व्हायोलिनवाला गावाला. शेवटी कंटाळून महेंद्रने एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला आणि सगळे वादक त्याच्यातच बसवले. प्रत्येक गाण्याचा ट्रम्पेट, व्हायोलिन, घुंगरू, सगळं एकेक सूर टिपून त्याने त्यात भरलं. मग टेम्पोत कॉम्प्युटर घालून पार्टी शहाडपासून मुंब्र्यापर्यंत फिरली. स्टेजवर कॉम्प्युटर वाजायचा, वर महेंद्रचा कीबोर्ड आणि जगनची ढोलकी.

आता तो कॉम्प्युटर माळ्यावर चादरीखाली होता. महेंद्रने तो खाली उतरवला, धूळ झटकली, बटण दाबलं. आतून फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला.

"गेला," झाकण उघडून बघत तो म्हणाला. "बोर्डच उडाला." मग स्टूलवर बसून राहिला. "आक्काला काय सांगू आता?"

"पप्पा, डिस्क ठीक असेल ना पण?" स्वप्ना म्हणाली. त्याची ही मुलगी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर होती. तिने डिस्क काढली, एक केबल मागवली आणि दोन दिवसांनी डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. गाणी आत होती. चाळीसच्या वर फाइली, महेंद्रने दिलेल्या नावांसकट. पण एकही उघडेना. ज्या प्रोग्राममध्ये ती केली होती तो फक्त विंडोज नाइन्टी एटवर चालायचा, आणि आजचा लॅपटॉप त्या प्रोग्रामला ओळखही दाखवत नव्हता.

"मग जुना कॉम्प्युटर शोधू कुठेतरी," महेंद्र म्हणाला. "उल्हासनगरला मिळेल."

"शोधायला कशाला पाहिजे? बनवते मी."

तिने लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन तयार केलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर, ज्याला ना डबा ना वायर. सगळा प्रोग्रामचाच खेळ. त्या मशीनला तिने महेंद्रच्या डिस्कची हुबेहूब नक्कल देऊन टाकली. रविवारी सकाळी पोहे खाता खाता तिने महेंद्रला हाक मारली. लॅपटॉपच्या पडद्यावर एक छोटी चौकट होती, आणि त्या चौकटीत आकाश आणि ढग उगवले.

महेंद्र खुर्चीच्या टोकावर सरकला.

"अगं, हा तर माझाच!"

सगळं जिथल्या तिथे होतं. त्याचे फोल्डर, त्याचं घड्याळ, आणि एका कोपऱ्यात स्वप्नाने सहाव्या वर्षी काढलेला जांभळा हत्ती.

"आई, हे बघ, मी काढलेला हत्ती!"

"हत्ती आहे होय तो?" आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली. "इतकी वर्षं मी त्याला टेम्पो समजत होते."

महेंद्रने अंगठ्याने लॅपटॉपची खालची बाजू चाचपली. "पण हा आहे कुठे?"

"कुठेच नाही. आणि आहे पण."

"स्वप्ने, मी इलेक्ट्रिशियन आहे. मला वायर दाखव."

वायर तिच्याकडे नव्हती. प्रोग्राम मात्र उघडला, आणि महेंद्रने आत्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं, 'पाटी माझ्या हाती आली'. पहिल्यांदा आवाजच आला नाही. मग स्वप्नाने काही खटपट केली, तर ट्रम्पेटच्या जागी शेळी ओरडल्यासारखं काहीतरी सुरू झालं. आई हसून हसून भिंतीला टेकली. आणखी दोन संध्याकाळी गेल्या, तेव्हा स्वप्नाला जुन्या डिस्कवरच वाद्यांच्या मूळ आवाजांची फाइल सापडली. ती जोडली आणि ट्रम्पेट पुन्हा ट्रम्पेटसारखा वाजला.

महेंद्रने डोळे मिटून ऐकलं. बोटं टेबलावर ठेका धरत होती. थोड्या वेळाने ती थांबली.

"हळू चाललंय."

"काय?"

"गाणं. एकशे बत्तीसचं गाणं आहे हे. ही लय एकशे बत्तीसची नाही."

पडद्यावर मिनिटाला किती ठोके त्या रकान्यात एकशे बत्तीसच लिहिलेलं होतं. स्वप्नाने मोबाईलचं घड्याळ लावून मोजलं. पप्पांचं खरं होतं. त्या आतल्या कॉम्प्युटरचं घड्याळच जरा मंद चालत होतं. त्याला वाटत होतं आपण वेळेवर आहोत, आणि बाहेरच्या जगापेक्षा तो मागे पडत होता. गाणं कुठे अडखळत नव्हतं, फक्त सगळं निवांत झालं होतं.

"सोपं आहे," महेंद्र म्हणाला. "आकडा वाढवतो. एकशे पन्नास टाकला की येईल बरोबर."

तो आकडा बदलणार तेवढ्यात बेल वाजली. शकूआत्या. सांगूनसवरून यायची तिला सवयच नव्हती. कोपरीहून एकटी निघाली होती, दोन जिने चढून आली होती आणि दारातच भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"शेजारचे बदलले वाटतं तुमच्या," ती म्हणाली. शेजारचं दार बंद होतं.

पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "वाजतंय का?"

"वाजतंय, पण जरा..." महेंद्र म्हणेपर्यंत तिने स्वतःच माऊस हातात घेतला. पार्टीच्या काळात हे काम तिलाही येत होतं. ट्रम्पेट सुरू झाला आणि आत्या खुर्चीत ताठ बसून गायला लागली.

पाटी माझ्या हाती आली, बाई गं, अंधाराची भीती गेली...

अंतऱ्याच्या शेवटी 'गेली'वर एक लांब सूर होता. पूर्वी तो सूर गर्दीवर असा काही पसरायचा की लोक उभे राहायचे. महेंद्र श्वास रोखून बघत होता. आत्याने सूर उचलला, धरला, हवा तेवढा धरला, आणि सावकाश खाली आणून ठेवला. चेहऱ्यावर दमल्याची खूण नव्हती.

स्वप्नाने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी माऊसवरून हात काढून घेतला.

"बरोबर आहे की," आत्या म्हणाली. "लय किती ठेवलीस?"

"होती तेवढीच. बघ ना, लिहिलंय," महेंद्रने पडद्याकडे बोट दाखवलं. आणि ते खोटं नव्हतं.

आत्याने चष्मा वर करून आकडा वाचला. "एकशे बत्तीस. हां. आता भूक लागली मला."

जेवून ती गेली. मग महेंद्र म्हणाला, "राहू दे असंच."

"आत्याला कळलं तर?"

"कळलं तर शिव्या खाऊ. मला लहानपणापासून सवय आहे."

मार्चमधले रविवार कोपरीच्या विहारातल्या तालमीत गेले. जगन आला. ढोलकी त्याने इतक्या वर्षांत सोडली नव्हती, पण जुनी गाणी हाताला लय वेगळी सांगत होती. पहिल्याच तालमीत तो पुढे पळाला, आणि महेंद्रने त्याला बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं. जगन गालात हसला आणि त्यानंतर शहाण्यासारखा वाजवायला लागला.

जयंतीच्या दिवशी दुपारी स्वप्नाने एक आगाऊपणा केला. कार्यक्रमात काही अडू नये म्हणून तिने आतल्या कॉम्प्युटरला आणखी मेमरी देऊन टाकली. भरपूर. आजच्या कुठल्याही मशीनला ती आवडली असती.

संध्याकाळी मैदान भरलं. निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, पहिल्या रांगेत दगडूमामा नव्या सदऱ्यात. आत्या माईकसमोर उभी राहिली, जय भीम म्हणाली, आणि समोरून आलेल्या जय भीमने तिच्या चेहऱ्यावरची सगळी भीती पुसली. गाणं सुरू झालं. पहिला अंतरा झाला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ट्रम्पेट अचानक गप्प झाला.

स्वप्ना स्टेजच्या बाजूला लॅपटॉपजवळ बसली होती. चौकटीतला पडदा निळाशार झाला होता, वर पांढरी अक्षरं. आतला कॉम्प्युटर बंद पडला होता. एवढी मेमरी त्या जुन्या सिस्टीमला पेलत नाही, हे तिला त्याच क्षणी आठवलं. दुपारी आठवायला हवं होतं.

"पप्पा, माझ्यामुळे झालं," ती कुजबुजली.

महेंद्रने वाकून निळा पडदा बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "अगं, हा पण तोच! दिवा स्टेशनजवळ भर कार्यक्रमात असाच रुसला होता." आणि तो ट्रम्पेटची जागा कीबोर्डवर वाजवायला लागला.

आत्या थांबली नव्हती. पण म्युझिक नाहीसं झाल्यावर जगनचे हात मोकळे झाले. जुनी सवय उसळून आली आणि ढोलकी पळायला लागली. एक ओळ, दीड ओळ. मग आत्याने गाता गाता डावा हात मागे नेला आणि पंजा पसरून हलकेच खाली दाबला. हळू. जगन चपापला. तिने पुन्हा पंजा दाबला आणि मांडीवर बोटांनी ठेका दिला. तो ठेका अगदी लॅपटॉपमधला होता, ना पुढे ना मागे.

महेंद्रने मान वर केली. आत्याने वळून त्याच्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या.

लांब सूर आला तेव्हा मागे फक्त ढोलकीची थाप होती. आत्याने तो सूर आरामात पसरवला. मागच्या बाजूच्या बायका उभ्या राहिल्या, मग पुढच्या. दगडूमामा बसूनच होते, कारण ते रडत होते आणि कोणी बघू नये अशी त्यांची इच्छा होती.

तोवर स्वप्नाने सकाळी जपून ठेवलेली मशीनची नक्कल परत लावली होती, कमी मेमरीची. पुढच्या गाण्याला ट्रम्पेट हजर होता.

कार्यक्रम संपल्यावर मंडपामागे आत्या खुर्चीत बसली, हातात सरबताचा ग्लास. महेंद्र समोर उभा राहिला.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. मुखडाच संपेना म्हटल्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझ्याच्याने आता पूर्वीची लय होत नाही, हे मी घरी करून बघितलं होतं. डोंबिवलीला येताना जिन्यावर ठरवून आले होते की तुला सांगायचं, बाबा, जरा हळू कर. पण तोंडातून निघेना. एवढी मोठी गायिका मी! आणि वर येऊन बघते तर ते आधीच हळू." ती हसायला लागली. "म्हटलं, याने माझ्यासाठी केलं. मग पडद्यावर जुनाच आकडा वाचला आणि कळलं की तुला जमतच नव्हतं."

"जमत नव्हतं काय? मी बदलणारच होतो!"

"आत्या, मशीनमुळे झालं ते," स्वप्ना म्हणाली.

"मग त्या मशीनला हात लावू नकोस. आमच्या वयाचं आहे ते."

दगडूमामांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. दुसऱ्या कडव्यापासूनच त्यांच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं म्हणे. चार ओळी झाल्या होत्या, मुखडा तयार होता. महेंद्रने तिथेच दोनदा गुणगुणून बघितला आणि तिसऱ्या ओळीवर जगनला ढोलकीचा ठेका धरायला लावला.

पुढच्या आठवड्यात स्वप्नाला घरून काम करायचं होतं. सकाळी मीटिंग होती. ती तयार होऊन टेबलाशी आली तर लॅपटॉपसमोर पप्पा, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. पडद्यावरच्या चौकटीत व्हायोलिनचे सूर एकेक करून उमटत होते.

"पप्पा, मीटिंग आहे माझी."

"हं."

"पप्पा, मॅनेजर आहेत. आजच्या प्रोग्राममध्ये केलं तर चालणार नाही का हे? मी शिकवते तुम्हाला. घड्याळ पण बरोबर असतं त्यात."

"बरोबर घड्याळ घेऊन काय करू?" तो म्हणाला. "बस जरा. अंतरा संपू दे."

स्वप्नाने मोबाईलवरून मीटिंग सुरू केली आणि कॅमेरा बंद ठेवला. मॅनेजरनी मध्येच विचारलं, मागे कसला आवाज येतोय. ती म्हणाली, "सर, टेस्टिंग चालू आहे."