डॉक्टरांच्या मोटारीचे भाडे

मित्रांनो, अक्कलकोटला पंचाक्षरी शेटजींच्या वखारीमागे एक कडुलिंब आहे. त्याच्याखाली गंजक्या पत्र्यावर एक पांढरी कोंबडी रोज सकाळी ऐटीत बसलेली दिसेल. तो पत्रा म्हणजे मी, एक जुनी मोटार. हसू नका. ती कोंबडी माझ्या गादीत अंडे घालते आणि मग साऱ्या आळीला ओरडून सांगते. मला तिचा राग येत नाही, कारण एके काळी मीही तशीच होते. जाईन तिथे आधी माझ्या पोंग्याचा आवाज पोहोचायचा, मग मी.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. सुटे भाग लाकडी खोक्यांत भरून मला बोटीने मुंबईला धाडले आणि तिथे जोडले. पहिली काही वर्षे मी पुण्यात एका गोऱ्या इंजिनिअरकडे काढली. तो विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने कुत्रा बरोबर नेला आणि मला विकले. कुत्र्याचे मला अजून थोडे वाईट वाटते, म्हणजे त्याला नेले आणि मला नाही याचे. तरी माझा तोरा काही उतरला नव्हता. माझे पितळी दिवे झळझळत होते आणि काळा रंग असा, की त्यात पाहून कुणीही भांग पाडावा. सोलापूरच्या डॉक्टर यज्ञेश्वरांनी मला विकत घेतले, तेव्हा मला वाटले, आता या गावाचे भाग्य उजळले.

डॉक्टर तोवर सायकलवरून रोगी पाहायला जात असत. शेजारचे वकील त्यांना येताजाता छेडायचे. "डॉक्टर, घामाघूम होऊन येणाऱ्या वैद्याचे औषध कोण घेईल? आधी तुम्हालाच वारा घालावा लागतो!" बोलणे थट्टेचे होते, पण डॉक्टरांच्या मनाला ते लागले. शिवाय सोलापूरचे ऊन. वैशाखात दुपारी तिथे कावळासुद्धा सावली सोडत नाही. म्हणून मी आले.

डॉक्टरांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी मला हळदकुंकू वाहिले आणि चाकांखाली लिंबे ठेवली. येडू नावाचा ड्रायव्हर मला मिळाला. तो मला पोटच्या लेकीसारखा जपायचा. संक्रांतीला आम्ही सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो, तर मुले पाळण्यांवरून उतरून माझ्याभोवती जमली. त्या दिवशी मी जमिनीवर नव्हते, असे म्हटले तरी चालेल.

रात्री ज्या खोपीत मला ठेवत, तिथे भिंतीच्या खुंटीला डॉक्टरांची सायकल टांगलेली होती. तिच्या मागच्या चाकात कोळ्याने घर केले होते. येडू मला पुसता पुसता तिच्या गोष्टी सांगायचा. सोलापुरात तेव्हा रीत अशी होती, की डॉक्टरला घरी बोलवायचे तर टांगा रोग्याच्या माणसांनी आणायचा आणि जाण्यायेण्याचे भाडेही त्यांनीच द्यायचे. यज्ञेश्वर डॉक्टरांनी सायकल घेतली आणि कापडगिरणीमागच्या कामगारांच्या गल्ल्यांत सांगून टाकले, "टांगा आणू नका. नुसता निरोप धाडा, मी येतो." तेव्हापासून त्यांच्या दाराची कडी दिवसभर वाजायची. गल्लीत सायकलची घंटी ऐकू आली, की आजाऱ्याची आई दार उघडून उभी राहायची.

हे ऐकून मला त्या सायकलची कीव यायची. दोन चाके आणि एक घंटी, आणि त्याचे एवढे कौतुक! मी मनात नाक मुरडले आणि झोपी गेले.

आता माझ्या खादाडपणाविषयी सांगितले पाहिजे. पेट्रोलचे डबे आगगाडीने यायचे आणि माझ्या पोटात जायचे. बाभळीच्या काट्यांना माझे टायर फार आवडत. येडूचा पगार वेगळा. सायकल वर्षाला चमचाभर तेल मागायची, आणि मी घरातल्या प्रत्येक सणातून आपला वाटा काढून घ्यायची. रुक्मिणीबाईंना दिवाळीला नव्या पाटल्या करायच्या होत्या. त्या पुढल्या दिवाळीवर गेल्या आणि मग कुणी त्यांचे नावच काढले नाही. पण रुक्मिणीबाई पाटल्यांवरून कधी बोलल्या नाहीत. त्या बोलायच्या पाण्यावरून. सोलापुरात उन्हाळ्यात पाण्याची काय दशा असते, ते तिथल्या बायकांना विचारा.

"अहो," त्या डॉक्टरांना म्हणायच्या, "घरातली माणसं पाणी जपून वापरतात आणि ही बया घागरींनी न्हाते! वर नाकातून वाफा सोडून प्यायला मागते ती निराळीच."

डॉक्टर हसायचे. त्यांच्या कोटाची बटणे आता पोटावर ताणू लागली होती. सायकल सुटल्यापासून भाकरी मात्र सुटली नव्हती.

पण हळूहळू डॉक्टरांचे हसणे कमी झाले. दाराची कडी वाजेनाशी झाली. बंगल्यांतून बोलावणे यायचे, तेवढेच. गिरणीमागच्या गल्ल्यांतून कुणी येईना. रोज सकाळी येडू मला धुऊनपुसून, हँडल मारून इंजिन चालते ना ते पाहून तयार ठेवायचा आणि मी दुपारपर्यंत दारात उभी राहायची.

"गावची हवा सुधारलेली दिसते," डॉक्टर एकदा जेवताना म्हणाले.

"हवा सुधारली, की तुमच्या हाताचा गुण गेला?" रुक्मिणीबाईंनी विचारले. त्यांनी सहज विचारले होते, पण डॉक्टर ताटावरून उठले. पुढे येऊन माझ्या पायरीवर बसले आणि बराच वेळ आपले हात पाहत राहिले. त्यांना खरेच वाटू लागले होते, की लोकांचा आपल्यावरचा विश्वास उडाला. ज्या गल्ल्यांनी त्यांना डॉक्टर केले त्यांनीच पाठ फिरवली, आणि का, ते कळेना. मलाही कळत नव्हते. मी तर रोज तयार होते.

मग ती वैशाखातली दुपार आली. सात रस्ता नावाच्या भागातला एक रोगी पाहून आम्ही परतत होतो. गिरणीजवळच्या रस्त्यावर माझे पुढचे टायर फाट्‌कन फुटले. येडू चाक काढायला बसला आणि डॉक्टर चिंचेच्या सावलीत जाऊन उभे राहिले. समोरून एक बाई भर उन्हात चालत येत होती. तिच्या खांद्यावर सहा-सात वर्षांची मुलगी मान टाकून पडली होती. बाईने मला पाहिले, डॉक्टरांना पाहिले, आणि पदर पुढे ओढून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने झपझप चालू लागली.

डॉक्टरांनी तिला ओळखले. ती शरणम्मा होती. तिचा नवरा संगप्पा गिरणीत कामाला होता. खांद्यावरच्या चन्नीच्या जन्मापासून डॉक्टर त्यांच्या घरी सायकलने जात आले होते.

"शरणम्मा! अगं थांब. काय झालं पोरीला?"

"काय न्हाय, डॉक्टरसायेब," ती न थांबता म्हणाली. "सरकारी दवाखान्यात चाललोय."

डॉक्टर आडवे गेले. त्यांनी चन्नीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मुलगी कान धरून कण्हत होती. कानातून पू वाहून मानेवर वाळला होता.

"किती दिवस झाले?"

"चार दिस. तेल घातलं, शेकलं. उतारच पडंना."

"चार दिवस! आणि मला निरोप नाही? मी काय मेलो होतो?" डॉक्टरांचा आवाज चढला. "माझ्या औषधावर विश्वास नाही राहिला, तर तसं सांग."

शरणम्माने मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते. "अय्यो, असं नगा बोलू. इस्वास हाय की. पर तुमाला बोलवायचं म्हंजे मोटारीचं भाडं द्यायला पायजे न्हवं? टांग्याचं कसंबी दिलं असतं. एवढ्या मोटारीचं आमी कुटनं आणायचं? चालत दवाखान्यात आलो, तरी पोरीला बघाय तुमी मोटारीनंच घरी येनार."

"भाडं? मोटारीचं भाडं?" डॉक्टरांनी विचारले. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला पायजे? रीतच हाय की ती."

येडूच्या हातातला पाना थांबला. मित्रांनो, माझे पेट्रोल कोण भरतो ते गल्लीला ठाऊक नव्हते, आणि असा प्रश्न डॉक्टरला विचारायचा तरी कसा? डॉक्टरांनाही ते सांगायचे सुचले नाही. सायकलच्या वेळी आठवणीने सांगणारा माणूस मोटारीच्या वेळी विसरला. गल्लीने आपली जुनी रीत धरली आणि गुपचूप दारे लावून घेतली.

मी चाक निघालेल्या स्थितीत, दगडाच्या आधारावर, काहीच उपयोगाची नव्हते. तेवढ्यात एक टांगा आला. डॉक्टरांनी हात करून तो थांबवला, शरणम्माला आणि चन्नीला आत बसवले. मग घोडे हलण्याआधीच, शरणम्माला दिसेल असे, टांगेवाल्याच्या हातात त्यांनी भाडे ठेवले. टांगा त्यांच्या दवाखान्याकडे निघाला आणि मी रस्त्यातच राहिले.

डॉक्टरांनी चन्नीला आठवडाभर दवाखान्यातच ठेवून घेतले. रुक्मिणीबाई तिच्यासाठी पेज करून नेत. एका सकाळी येडू मला पुसायला आला तो शीळ घालतच. "उतरला गं पोरीचा ताप," तो मला म्हणाला, आणि त्या दिवशी मला त्याच्या फडक्याचा स्पर्श फार गोड वाटला.

डॉक्टरांनी येडूला गल्लोगल्ली धाडले. मोटारीचे भाडे कुणी द्यायचे नाही, असे त्याने सगळ्यांना सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. "व्हय व्हय, डॉक्टरसायेब लई चांगले हायेत." येडूची पाठ वळली, की तीच माणसे म्हणायची, "त्ये न्हाय म्हनतील, पर एवढी मोटार दारात आल्यावर हात रिकामा कसा ठिवायचा?" कडी काही वाजली नाही. माणसाने तोंडाने काहीही सांगितले, तरी दारात उभी असलेली मी दुसरेच सांगत होते.

मग डॉक्टरांनी स्वतः खोपीत येऊन सायकल खुंटीवरून काढली. रुक्मिणीबाईंनी कोळ्याचे घर मोडले, डॉक्टरांनी साखळीला तेल दिले. पहिल्या दिवशी ते वळणावर जरा लडखडले. वकील ओट्यावर उभेच होते. "काय डॉक्टर, पुन्हा घाम?"

"औषध मी देतो, वकीलसाहेब. घामही माझा मीच पुसेन," डॉक्टर म्हणाले आणि घंटी वाजवीत निघून गेले.

महिनाभरात दाराची कडी पूर्वीसारखी वाजू लागली. मी खोपीत बसून ती ऐकायची. मत्सर वाटला का, म्हणाल, तर वाटला. फार वाटला.

पुढे पंचाक्षरी शेटजींनी मला घेतले आणि सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर मी भाडे घेऊन उतारू नेणारी सर्व्हिसची मोटार झाले. येडूही माझ्याबरोबर आला. दहा माणसे, त्यांच्या टोपल्या, ट्रंका, कधी एखादे करडू. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण मित्रांनो, हळूहळू मला ते आवडू लागले. माझे पोट भरायला आता दहा घरांची थोडी थोडी मदत होती, त्यामुळे मी कुणाच्या एकाच्या गळ्यात नव्हते.

एकदा सोलापूरच्या मोटारअड्ड्यावर शरणम्मा आली. अक्कलकोटजवळ तिचे माहेर. बरोबर चन्नी, आता चांगली उंच झालेली. शरणम्मा मला पाहून दचकली.

"ही डॉक्टरांची मोटार न्हवं?"

"व्हती," येडू म्हणाला. "आता समद्यांची हाय. बसा."

तिने भाडे विचारले, पदराची गाठ सोडून ते दिले, आणि माझ्या गादीला पाठ टेकून ऐसपैस बसली. तिचे ते बसणे मला गड्ड्याच्या जत्रेपेक्षा मोलाचे वाटले. चन्नीला येडूने पुढे, आपल्या डाव्या हाताला बसवले.

वाटेत येडू तिला म्हणाला, "पोंगा वाजवायचा का गं?" चन्नी समोर पाहत राहिली. त्याने पुन्हा विचारले. ती गप्पच.

"त्या बाजूनं नगा बोलू, येडूदादा," मागून शरणम्मा म्हणाली. "उजव्या कानानं ऐकू येत न्हाय तिला. तवा चार दिस उशीर झाला न्हवं, त्यात गेला कान."

तिने कुणाला दोष दिला नाही. पाऊसपाण्याविषयी बोलावे तसे बोलली. पण ते चार दिवस मला ठाऊक होते. ते चारही दिवस मी डॉक्टरांच्या दारात धुऊनपुसून, पाणी पिऊन, हँडल मारून तयार उभी होते. तिच्या घरापासून मी हाकेच्या अंतरावर होते, आणि मी होते म्हणूनच तिने हाक मारली नाही.

येडूने गाडी कडेला घेतली. चन्नीला उचलून आपल्या उजव्या अंगाला, दाराशी बसवले. आता तिचा चांगला कान त्याच्याकडे होता आणि पोंगाही तिच्या हाताशी होता. "दाब," तो म्हणाला. तिने रबरी फुगा दोन्ही हातांनी दाबला, आणि अक्कलकोट येईपर्यंत सोडला नाही. माझ्या जन्मात मी इतकी कधी ओरडले नसेन.

मित्रांनो, मला वाईट म्हणू नका. दूरच्या वाटेला, चार माणसांना मिळून न्यायला मी चांगली आहे. पण दिमाखासाठी मला दारात बांधून ठेवाल, तर माझा खर्च तुम्ही एकटेच भरता असे समजू नका. त्यातला काही एका लहान मुलीने भरला आणि तिला कुणी विचारलेही नव्हते. तुमच्या घरी सायकल असेल, तर तिला खुंटीवर टांगू नका. साखळीला तेल द्या, चाकात जाळे होऊ देऊ नका, आणि घंटी वाजती ठेवा. ती ऐकायला कुणाची तरी आई दार उघडून उभी असते.