पाय बोलेपर्यंत

“ऊन पाण्यानंच आंघोळ कराची होती, तं घरी बंब का झिजला होता वं वहिनी?”

ताराबाईंनी हे सुमतीच्या कानात म्हटलं की पाठीला, ते सांगणं कठीण होतं. कारण सुमती त्या वेळी बसच्या सीटखाली वाकून, दोन पिशव्या आणि कुणाची तरी कोंबड्यांची टोपली यांच्यामधून हात घालून नवऱ्याची चप्पल शोधत होती. घाटाच्या प्रत्येक वळणाला चप्पल सरकायची. बोटाला लागली म्हणेपर्यंत पुन्हा पसार.

“सापडली,” ती धापा टाकत वर आली.

“पुन्हा पडली? दादा, तुह्या पायाले चप्पलही धरवत नाई का गा?”

गिरिधरराव खिडकीतून सागाची झाडं पाहत होते. त्यांनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग आपल्या उघड्या पायाकडे.

“पडली का? मले माहीतच नाई,” ते म्हणाले आणि हसले.

सुमतीही हसली. हे हसणं तिला आता चांगलं जमायला लागलं होतं. दीड वर्षापूर्वी गिरिधरराव कचेरीतून लकडगंजातल्या घरापर्यंत एकाच पायात चप्पल घालून चालत आले, तेव्हा सगळी आळी आठवडाभर हसत होती आणि सर्वांत मोठ्यानं सुमती हसली होती. त्याच दुपारी तिनं शेजाऱ्यांच्या सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यांच्या चपलेला टाचेमागून शिवून टाकली. आज घाई झाली आणि नेमकी ती पट्टी सुटली.

गिरिधरराव कचेरीत टायपिस्ट होते. बावीस वर्षं. त्यांच्या हातचा कागद साहेब न वाचता सही करायचे, अशी ख्याती. पण डाव्या करंगळीखालचं ‘ए’ अक्षर अर्धवट उमटायला लागलं, मग उमटेनाच. आधी मशीन दुरुस्त झालं, मग रिबन बदलली. शेवटी साहेबांनी त्यांनाच बदललं आणि आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. घरी सांगताना ते म्हणाले, वात आहे.

वात हा शब्द मोठा सोयीचा. त्यात काहीही मावतं. वैद्यानं तेल दिलं, शेजारणीनं निरगुडीचा पाला दिला, आणि मग कुणीतरी सातपुड्यातल्या ऊनझिरीचं नाव काढलं. डोंगराच्या पोटातून गंधकाचं कढत पाणी येतं, लोक कुबड्या घेऊन जातात आणि चालत येतात म्हणे. गिरिधररावांनी लगेच रजा टाकली. इतवारीहून छोटी गाडी, पुढे ही बस. “माह्या भावाले कसा एकटा सोडू?” म्हणत ताराबाई काटोलहून येऊन सामील झाल्या. येताना दीड डबा चिवडा आणि न संपणारी कुरकूर सोबत घेऊन आल्या.

त्यांच्यापुढे सुमती नमूनच होती. लेकीचं, प्रेमिलाचं, स्थळ ताराबाईंनी आणलेलं. त्यांच्याच दिराचा मुलगा, काटोलला मास्तर. मुलगी पसंत, बोलणी झालेली, पंधरा दिवसांवर साक्षगंध आणि वैशाखात लग्न. एकदा अक्षता पडल्या की मग बाकीचं. सुमती मनातल्या मनात रोज एवढंच म्हणायची: वैशाख होऊ दे.

“अन् एक सांगू?” ताराबाई पुन्हा कानाशी आल्या. “दादाले लय हवा लागली हाय. तुमच्या घरी आली तं पाहते, त्याचा पेला वेगळा, त्याची खाट ओसरीत. माह्या नातवाले मांडीवर दिला तं उठून गेला. असा नव्हता तो.”

“झोप लागत नाही त्यांना घरात. गरम होते,” सुमती म्हणाली.

“पूस-माघात?”

सुमतीनं चपलेचा तुटका दोरा दातानं तोडला.

तिला स्वस्थ बसवत नव्हतं. एकदा पिशवी वर ठेवावी, एकदा खाली. टॉवेल आणला का ते तिसऱ्यांदा पाहावं. श्रावणापासून हे असंच. श्रावणात ब्लाउजपीस घ्यायला जाते म्हणून ती घरून निघाली होती, आणि गेली होती मंगळवारच्या दवाखान्यापाशी. एक खोली, आठवड्यातून एकच दिवस उघडी. वस्तीत त्याचं पुरतं नाव कुणी घेत नसे; मंगळवारचा म्हटलं की माणसं समजत आणि विषय बदलत. बाहेर रस्त्यावरच रांग. तोंडावर पदर घेतलेल्या बाया, हाताला फडकी गुंडाळलेले पुरुष. सुमती पलीकडच्या पानठेल्यापाशी उभी राहिली. कंपाउंडर पान खायला बाहेर आला, तेव्हा धीर करून तिनं विचारलं, आमच्या शेजारी एक जण आहेत, त्यांना चटका समजत नाही.

“शेजारी असोत की कोणी असोत, लवकर आणा,” तो पानाला चुना लावत म्हणाला. “गोळ्या हायेत. घेतल्या तं रोग थांबतो. पण जेवढं बधिर झालं तेवढं वापस येइनच असं नाई. म्हणून लवकर.”

ती ब्लाउजपीस न घेताच घरी आली. त्या रांगेत गिरिधरराव उभे राहिले असते तर संध्याकाळपर्यंत लकडगंजात आणि आठवड्याच्या आत काटोलला समजलं असतं. वैशाख होऊ दे.

ऊनझिरीला उतरल्याबरोबर सडक्या अंड्यांचा वास नाकात गेला आणि ताराबाईंना नवा विषय मिळाला. धर्मशाळेत सामान टाकून, कुरकुरतच त्या कुंडांपर्यंत आल्या. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक तीन दगडी कुंडं होती. वरच्या कुंडातून वाफ निघत होती आणि काठावरचे दगड पिवळे पडले होते. राखणदार धोंडबा डोक्याला मफलर गुंडाळून काठीनं एकेक कुंड दाखवत होता.

“खालचं धाकटं. त्यात लेकरं खेळतात. मधल्यात गुडघे शेकाचे. अन् हे थोरलं. याच्यात पाय सोडाचा तं पाय बोलेपर्यंत. पाय बोलला का उठाचं. त्याच्याआधी जो उठला, त्याले गुण नाई.”

“पाय बोलतो म्हणजे?” ताराबाईंनी विचारलं.

“टाकून पाहा ना बाई, मंग समजते काय बोलतो ते.”

माणसं हसली. तिथं तो एक खेळच झाला होता. कुणी थोरल्यात पाय घातला की काठावरचे मोठ्यानं आकडे मोजत. पांढुर्ण्याचा एक जाडजूड व्यापारी सातला “मेलो गा!” म्हणून उडाला आणि मागे बसलेल्यांच्या अंगावर पडला. एका म्हातारीनं ओठ चावून पंधरापर्यंत दम काढला, तिला सर्वांनी शाबासकी दिली. धोंडबा म्हणाला, पंधरा म्हणजे लय झाले, आजीबाईनं नाव काढलं.

गिरिधररावांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

“आपण मधल्यातच बसा ना जी,” सुमती म्हणाली. “प्रवासानं थकले तुम्ही.”

“मधल्यासाठी इतक्या दूर आलो का वं?”

ते काठावर बसले आणि त्यांनी डावा पाय थोरल्या कुंडात सोडला. लोकांनी आकडे सुरू केले. पाच. दहा. सुमती टॉवेलची घडी घालत होती. घालून झाली की मोडत होती. पंधराला टाळ्या पडल्या. विसाला पांढुर्ण्याचा व्यापारी “वा, बाबूजी!” म्हणाला. गिरिधररावांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. त्यांनी मान किंचित कलती केली होती, फलाटावर उभा माणूस लांबून येणाऱ्या गाडीचा आवाज लागतो का म्हणून करतो तशी.

“चला ना,” सुमती म्हणाली. “चहा थंड होऊन राहिला.”

चहा कुठंच नव्हता.

“थांब वं. अजून बोलला नाई.”

पंचवीस. तीस. ताराबाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. आता ओरडलं तर त्या विचारतील, काहून? कुणालाच सोसवत नाही ते पाणी यांना कसं सोसतं? आणि त्याचं उत्तर काटोलला जाईल. पंधरा दिवस. फक्त पंधरा. सुमतीनं टॉवेल पिळला. तो कोरडा होता तरी पिळला. पाण्याच्या रेषेपाशी गिरिधररावांच्या पोटरीवर लाल कडं उमटलं होतं, लाखेच्या बांगडीसारखं, आणि ते बघता बघता गडद होत होतं.

सदतीस, अडतीस.

ती पायऱ्या कशी उतरली ते तिला आठवलं नाही. दोन्ही हात तिनं कुंडात घातले आणि तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की खालच्या कुंडातली लेकरं गप्प झाली. तरी तिनं पाय सोडला नाही. ओढून बाहेर काढला आणि मांडीवर घेतला.

“अवं बाई, मधातच काढला! गेला ना गुण!” व्यापारी हळहळला.

धोंडबा वाकून पाहायला आला. पायाची साल ओल्या कागदासारखी सुरकुतली होती, बोटांमागे फोड धरत होते. त्यानं पायाकडे पाहिलं, मग पायाच्या मालकाच्या शांत चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकला.

“चला, चला, तमाशा हाय का,” त्यानं काठी आपटली. “मधल्यात चला सगळे.”

काठावर तिघंच उरली. ताराबाईंनी पिशवीतून आपला पिण्याच्या पाण्याचा तांब्या काढला आणि भावाच्या पायावर धार धरली. मग उरलेलं सुमतीच्या हातांवर ओतलं.

“कातडीच जाड आहे त्यांची,” ती म्हणाली. “लहानपणी अनवाणी फिरले ना, म्हणून...”

“वहिनी, पुरे.”

ताराबाई खाली बसल्या. एवढ्या अंगाची बाई, गुडघ्यांवर हात टेकत हळूहळू बसली.

“भाऊबीजेले ओवाळून राहिली होती मी,” त्या म्हणाल्या. “निरांजन कललं. जळतं तूप याच्या बोटावर. हा माह्याकडे पाहून हसून राहिला. मी घाईघाईनं पदरानं पुसलं, अन् यालेच विचारलं, साडी जळली का रे माही? तवाच मले समजलं ते.”

“भाऊबीजेला?” सुमतीनं मान वर केली. “आणि स्थळ तर तुम्ही दिवाळीनंतर आणलं.”

“म्हणूनच आणलं. ते लोकायले दिसाच्या आधी पोरगी उजवून जाऊ दे म्हटलं. माह्याच दिराच्या घरात आणली मी, वहिनी. त्यायच्या तोंडाकडे पाहवत नाई आता.”

सुमती टॉवेलच्या टोकानं गिरिधररावांचा पाय टिपायला लागली. तिचे हात चुरचुरत होते. गिरिधरराव आपल्या पायाकडे पाहत होते, दुसऱ्या कुणाचा पाय आपल्यापाशी राहून गेला असावा तसे.

“आज कोणता वार हाय?” त्यांनी विचारलं.

“शुक्रवार. काहून?” ताराबाई म्हणाल्या.

“म्हणजे मंगळवारले चार दिवस.”

सुमतीचा हात थांबला.

“श्रावणात तू पानठेल्यापाशी उभी होतीस,” ते म्हणाले. “निळी पिशवी घेऊन. मी समोर सायकलच्या दुकानात होतो. हवा भराच्या रांगेत.”

“आपल्याकडे सायकल कुठं आहे?” ती नकळत बोलून गेली.

“नाई ना. दुकानवालाही तेच म्हणे.”

ते हसले, पण या वेळी सुमतीला हसता आलं नाही. ओसरीतली खाट तिच्या डोळ्यांपुढे आली. खिळ्याला टांगलेला वेगळा पेला आला. ताराबाईंच्या नातवाला मांडीवर देताच उठून गेलेला माणूस आला, ज्याच्यावर ती दोन दिवस रुसली होती. इतके महिने ती त्यांच्या हाती द्यायचा चहा फार कढत तर नाही ना म्हणून आधी आपल्या बोटानं पाहत होती, आणि ते आपला पेला तिच्यापासून दूर ठेवत होते.

“खरंच बोलला असता का पाय?” तिनं विचारलं.

“वाटलं होतं, पाहू एकदा. इतक्यांचा बोलतो.”

मधल्या कुंडाकडून पुन्हा आकडे मोजण्याचा आवाज यायला लागला. ताराबाईंनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

“आता साक्षगंधाचं कसं कराचं?” त्या म्हणाल्या. “माह्या दिराले ते सांगाचं का?”

“सांगावं तर लागेलच ना ते,” सुमती म्हणाली.

“पण कोण्या तोंडानं सांगू? ते असं एकदम...”

“एकदम नाही. आधी मंगळवारी जाऊन येऊ. मग त्यांना म्हणू की ते आहे, पण गोळ्यांनी ते थांबतं...”

“ते थांबते का पण?”

“काय वं दोघी मघापासून ते, ते करून राहिल्या,” गिरिधरराव म्हणाले. त्यांनी मांडीवरचा पाय हलकेच सुमतीच्या हातातून आपल्या हातात घेतला. “काटोलले सांगाचं हाय, तं आधी इथं तं म्हणून पाहा. महारोग म्हणतात त्याले.”