लेपाभोवतीचं कोरं वर्तुळ

लेपवाल्या बुवांच्या दारात उजाडायच्या आधीच रांग लागायची. कुणाचं गळू बसलेलं, कुणाची चिघळलेली जखम आठवड्यात वाळलेली. बुवा दगडावर पाला वाटता वाटता सांगायचे, की डॉक्टर जंतूंना मारतो, आमची वनस्पती मात्र त्यांची समजूत घालून त्यांना घरी पाठवते. लोक माना डोलवायचे. जंतूंना घरदार असतं, हे त्यांना तिथेच कळत होतं.

बुवांच्या मागे भिंतीवर चौकटीत एक कागद होता, त्याखाली एक लाकडी पेटी. तो कागद प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका ताईने दिलेला. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत तिने लेपाचा ठिपका ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती जंतू मरून कोरं वर्तुळ पडलं. तिने तसं लिहून सही केली. त्या सहीच्या भरवशावर तिच्या सुतार भावाने, मधुमेह असूनही, पटाशी लागलेल्या पायाला दीड महिना लेप थापला.

पाय काळा पडल्यावर दवाखाना आठवला. पायातला पू तपासायला ताईकडेच आला. तिने त्यातल्या जंतूंच्या बशीत वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या, शेजारी लेपही. बाकी चकत्यांपाशी जंतू मेले, एका स्वस्त गोळीच्या चकतीपाशी मात्र खुशाल वाढले. लेपापाशीही तसेच.

लेपात तीच गोळी तर नाही, असा तिला संशय आला. बुवांच्या परसातला ताजा पाला आणून तिने पहिल्या वेळच्या साध्या जंतूंवर ठेवला. वर्तुळ पडलंच नाही. पाल्यात त्या गोळीची पूड वाटून ठेवली, तेव्हा पडलं; अगदी पहिल्यासारखं.

बशा घेऊन ती रांगेपुढे उभी राहिली. बुवा हसले.

"सही तुमची, ताई. मी नुसतं वाटलं. भावाचा पाय सडला तो तुमच्या भरवशावर."

"खरं आहे," ती म्हणाली. "मी लेप तपासला, पाला तपासलाच नाही. आता ती पेटी उघडा."

बुवा उठेनात, तेव्हा तिनेच उघडली. त्याच गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या भुईवर सांडल्या. रांगेतल्या एका गृहस्थाने वाकून एक उचलली आणि गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची, असं बुवांनाच विचारलं.

भावाचा पाय त्याच दुपारी गुडघ्याखाली कापला.

पाल्यात गुण नसतात असं नाही. ते शोधावे लागतात, मात्रा ठरवावी लागते, तेव्हा कुठे त्याचं औषध होतं. चोरून मिसळलेली अर्धीमुर्धी गोळी जंतू संपवत नाही, त्यांना निर्ढावते. देवापुढे हात जरूर जोडावेत. जखम डॉक्टरला दाखवावी. आणि कुणी तपासल्याचा कागद पुढे केला, तर नेमकं काय तपासलं, हे आधी विचारावं.