मानाचं माचाण

मी खुर्ची बोलतेय. मंत्र्याबिंत्र्याची नव्हे हो, कल्याणच्या एका क्रीडा मंडळाची. शहाडच्या विश्राम सुताराने मला सागवानातून घडवलं तेव्हा चांगली ठणठणीत होते. आता तीन पायांवर भिंतीला टेकून उभी आहे. चौथा कसा गेला ते सांगते, ऐका.

स्वातंत्र्यानंतर आमच्या मंडळाला बास्केटबॉलचं वेड लागलं. कर्ण्यावरून सामन्याचं धावतं वर्णन करायचे श्रीपादराव. एरवी शाळेत भूगोल शिकवायचे. पण आवाज काय होता त्यांचा! मला मैदानाच्या अगदी कडेला, मधल्या रेषेशी मांडायचे आणि पुढ्यात माइक. खेळाडूचा पाय रेषेवर पडला की त्यांना लगेच दिसायचं, पोरांची धापसुद्धा ऐकू यायची. कधी चेंडू धाडकन माझ्यावर आदळायचा. मला राग यायचा, नाही असं नाही. पण खरं सांगते, बोलणाऱ्याची जागा तीच.

अध्यक्ष भाऊसाहेबांना मात्र ते खुपायला लागलं. पहिल्या रांगेत पाहुण्यांना बसायला मांडलेले गादीचे कोच, आणि त्यांच्याही पुढे एक मास्तर बसतो म्हणजे काय!

"मास्तर, यंदा तुम्हाला वर बसवू," ते म्हणाले. "पाहुण्यांच्या मागे माचाण बांधू. मान आहे तुमचा."

श्रीपादरावांच्या बायकोला, उत्तराबाईंना, ते मुळीच पटलं नाही. "अहो, वर कशाला? खाली काय वाईट आहे?"

"अगं, मानाने बसवतायत. नाही कसं म्हणू?"

झालं! बांबू उभे राहिले, काथ्याने आवळले गेले. एक माणूस, एक खुर्ची आणि माइक, एवढ्यापुरतंच ते माचाण. मला वर चढवलं तेव्हाच खालची फळी कुरकुरली. लाकडाचं दुखणं लाकडालाच कळतं.

अंतिम सामना ठाण्याच्या संघाशी होता. आवाज येतो तिकडे लोक बघतात, आणि लोक बघतात तिकडे भाऊसाहेब! ते वर आले. पाठोपाठ त्यांचे व्याही आले. काथ्या करकरला. अहो, पुरे आता, मी मनातल्या मनात ओरडत होते. तेवढ्यात भाऊसाहेबांनी खाली हाक दिली, "जावईबापू, या ना वर!"

सासरा वर आणि जावई खाली, हे कसं चालेल? आणि जावयाला उभं तरी कसं ठेवणार? श्रीपादराव उठले आणि जावईबापू माझ्यावर ऐसपैस बसले.

श्रीपादराव अगदी कडेला सरकले. पुढ्यात तिघांची डोकी, मैदान दिसेना. सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली आणि चेंडू कल्याणकडे. ते माइक घेऊन बांबूच्या आधाराने बाहेर वाकले.

"चेंडू उडाला... चेंडू कड्यावर..."

बांबू मोडला.

त्याच क्षणी चेंडू कड्यातून आत गेला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. मागे काय कोसळलं ते त्या जल्लोषात कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकट्या उत्तराबाई वळल्या. "अहो!" म्हणून त्यांनी मारलेली हाक टाळ्यांत बुडाली.

भाऊसाहेब आणि व्याही वाचले. जावईबापूंना खरचटलं. माझा पाय गेला. श्रीपादराव गेले.

त्याला वर्ष झालं. मी मंडळाच्या खोलीत पडून आहे, उद्यापरवा कुणाच्या तरी बंबात जाईन. त्याचं मला काही नाही. पण मैदानात पुन्हा बांबू येऊन पडलेत. यंदा वर्णन करणार श्रीपादरावांचा धाकटा भाऊ, बाळ.

काल उत्तराबाई त्याला घेऊन इथे खोलीतच भाऊसाहेबांकडे आल्या होत्या. "भावजींना खाली बसवा. दुसरं काही मागत नाही," त्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "वहिनी, असं कसं? अहो, श्रीपादरावांच्या नावानेच बांधतोय माचाण. गेल्या खेपेपेक्षा उंच. मान नको का त्यांना?"

बाळची छाती तिथल्या तिथे फुगली. उत्तराबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

बाळ, अरे बाळ, चढू नकोस रे! रेषेशी बस, मातीत बस. तुझ्या वहिनीला पुन्हा त्या टाळ्या ऐकवू नकोस.