आतडेसरांचा चमचा

"निसर्गात किळसवाणं असं काही नसतं. किळस ही माणसाच्या अज्ञानातून येते."

एवढे बोलून आतडेसरांनी वाटीच्या कडेवरून उतरणारा गाजराचा ओघळ पाहिला, क्षणभर डोळे मिटले, आणि रुमालाच्या दोन टोकांत धरून ती वाटी स्वतःपासून हातभर लांब सरकवली.

हे वाक्य कॉलेजात चौतीस वर्षे गाजले होते. प्राणिशास्त्राच्या पहिल्या तासाला सर ते टाकत आणि लगोलग बेडकाचे पोट उघडत. पचनसंस्था हा त्यांचा जीव की प्राण. मुलांनी त्यांचे खरे आडनाव दुसऱ्याच वर्षी मोडीत काढून त्यांना आतडेसर करून टाकले, आणि सरांनाही ते मनातून आवडले. गाईच्या जठरात कोपरापर्यंत हात घालून 'बघा, अजून गरम आहे' असे कौतुकाने सांगणारा हा माणूस. पण आता समोर गाय नव्हती. बायको होती.

दीड महिन्यापूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे गेले, आणि घशाला गिळणे नव्याने शिकवायची पाळी आली. त्यासाठी भात, बटाटा आणि गाजर मिक्सरमधून काढून एक लगदा केला जाई. त्याचा रंग असा की कोणी तो गोठ्याच्या भिंतीलासुद्धा देणार नाही. तोंडात गेलेल्यातला निम्मा ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून परत येई, लाळेची एक लांब तार धरून हनुवटीपर्यंत उतरे आणि तिथे घोटाळत राही. ती तार पाहिली की सर रुमाल स्वतःच्याच नाकाशी धरत. प्रयोगशाळेत बरणीत ठेवलेल्या पोटांचे असे नव्हते. ती बघत नसत.

रोज भरवणाऱ्या मावशी परवा गावाला गेल्या, आणि तेव्हापासून काम सरांकडे आले. दोन दिवसांत तिच्या पोटात म्हणावे असे काहीच गेले नव्हते. उद्या सकाळी डॉक्टर येणार होते. आज वाटीभर तोंडाने गेले नाही, तर नाकातून नळी घालायची, असे ते फोनवर स्वच्छ सांगून चुकले होते.

"बाबा, रागावू नका," सून चपला चढवता चढवता म्हणाली. तिला ऑफिस गाठायचे होते. "माझ्या हातून आईंना सकाळी दोन चमचे तरी गेले. तुमच्या हातून एकही नाही. भरवताना तुमचं तोंड कसं होतं, ते एकदा आरशात बघा."

"कसं होतं?"

"एरंडेल प्यायल्यासारखं."

दार लागले. घरात वाटी आणि ती दोघे उरली. नॅपकिन सगळे दोरीवर ओले होते, म्हणून सरांनी नाइलाजाने आपला घडीचा पांढरा रुमाल तिच्या गळ्याशी अडकवला. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे तिला नीट बसवले, हनुवटी किंचित खाली केली आणि अर्धा चमचा भरून पुढे केला.

तिने ओठ मिटून घेतले. ती चमच्याकडे बघतच नव्हती. सरांच्या तोंडाकडे बघत होती.

सून म्हणाली ते खोटे नव्हते तर. सरांनी चेहरा सरळ करायचा प्रयत्न केला, तर तो आणखीच बिघडला. शेवटी त्यांनी नजरच दुसरीकडे वळवली. टेबलाच्या कडेवर एक माशी पाय चोळत बसली होती. सवयीने त्यांच्या तोंडून तास सुरू झाला.

"ही माशी बघ. हिला दात नाहीत. ही आधी घासावर थुंकते. ओकते म्हण हवं तर. तो विरघळला की सोंडेनं ओढून घेते. म्हणजे पचन आधी आणि जेवण नंतर."

चाळीस वर्षे या टप्प्यावर बायको ताट उचलून स्वयंपाकघरात निघून जात असे. 'जेवताना नको हो' एवढेच म्हणे. आता पाय उचलत नव्हते. पण निषेध नोंदवायला तोंड उघडले, "न..." असा काहीसा आवाज आला, आणि हातातला चमचा आपोआप आत गेला. तिने डोळे वटारले. मग नाइलाजाने गिळले. कंठ वर जाऊन खाली आला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

सरांनी खुर्ची जवळ ओढली. समुद्रातला तारामासा शिंपल्याच्या फटीतून आपले जठरच आत सरकवतो आणि शिंपल्यातल्या जिवाला त्याच्याच घरात पचवतो, हे त्यांनी रंगवून सांगितले. चमचा आत गेला. घुबड उंदीर अख्खा गिळते, मांस पचवते, आणि हाडे व केस यांची मोट बांधून तोंडातून बाहेर टाकते. तशी एक मोट सरांनी एकदा वाळवायला म्हणून तिच्या साखरेच्या डब्यात ठेवली होती. याची आठवण निघाली तेव्हा तर सलग दोन चमचे गेले. प्रत्येक वेळी ते कंठ हलायची वाट पाहत, आणि मगच पुढचा प्राणी काढत.

सशाची पाळी आली.

"ससा गवत खातो, पण एका फेरीत त्याला त्यातलं सत्त्व घेता येत नाही. म्हणून तो काय करतो..."

पुढचे वाक्य स्वतःच्याच लेंड्या परत खाण्याचे, म्हणजे चांगलेच ओंगळ होते. पण ते यायच्या आधीच तिने तोंड उघडले होते. स्वयंपाकघरात बसून तिने चाळीस वर्षे सगळे ऐकले होते तर.

वाटी तळाला आली तेव्हा तिला ठसका लागला. लगद्याचे शिंतोडे चहूकडे उडाले, सरांच्या तोंडावरही. सरांनी तिला पुढे झुकवले, ठसका थांबेपर्यंत धरून ठेवले, आणि श्वास ताळ्यावर आल्यावर तसेच बोलत राहिले.

"कबुतराच्या पिल्लाला आधी दाणा पचत नाही. मग मोठ्या कबुतरांच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा लगदा तयार होतो, तो त्याच्या चोचीत ओततात. आईच नाही, नरसुद्धा."

हे ते दरवर्षी दोन गुणांच्या प्रश्नासाठी सांगत आले होते. आज ते तिथे जरा अडखळले. मग चमच्याला न येणारे वाटीच्या तळाचे त्यांनी बोटाने निपटले आणि बोट तिच्या ओठांशी नेले. तिने ते चाटून घेतले. वाटी संपली.

ती त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. मग तिचे ओठ धडपडू लागले. दीड महिन्यात तिने एक धड शब्द उच्चारला नव्हता. सरांनी कान जवळ नेला आणि श्वास रोखून धरला.

तिने एरंडेल प्यायल्यासारखे तोंड केले.

"अहो... मिशी... पुसा."