किती वाव?

मी एक दोरी बोलतेय. जरा जवळ या. वास येईल, पण त्याला माझा इलाज नाही. अर्धं आयुष्य सातपाटीच्या बोटीवर गेलं आणि उरलेलं मासळीच्या टोपलीशेजारी, तेव्हा अंगाला काय मोगऱ्याचा दरवळ सुटणार? जाडीला मी करंगळीएवढी. रंग एके काळी हिरवा होता. टोकाला शिशाचा गोळा आणि अंगावर चाळीस गाठी. या गाठींमुळेच मी कोणीतरी आहे, नाहीतर माझ्यासारख्या दोऱ्या बाजारात किलोवर मिळतात.

माझं काम वाव मोजायचं. वाव म्हटलं की तुम्हाला वाटणार संधी, मोकळीक. आमच्या कोळीवाड्यात दोन्ही हात ताणून पसरले, की या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत होते ती एक वाव. शिशाचा गोळा दर्यात सोडायचा, तळाला टेकला की गाठी मोजायच्या. सात वाव पाणी, बारा वाव पाणी. तुमचा वाव पुल्लिंगी, आमची वाव स्त्रीलिंगी. तुमचा नुसता असतो किंवा नसतो, आमची मोजता येते. एवढ्याशा फरकावरून बोईसरात जे रामायण झालं, तेच सांगायला मी आज तोंड उघडलंय.

माझा जन्म नामदेव तांडेलांच्या ओटीवर झाला. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. तांडेलाची दोरी तांडेलाच्याच हाताने मापायची, ही रीत. पण आदल्याच दिवशी जाळं ओढताना नामदेवांचा खांदा निखळला होता आणि बोट तर संध्याकाळच्या भरतीला निघायची होती. मग त्यांची बायको नर्मदा पुढे झाली. म्हणाली, “मी बांधते गाठी. हात मलापन दोनच हायेत.” तिने हात पसरून मला मापलं आणि प्रत्येक गाठीत आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. घाईत एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. नामदेव सहा फुटी गडी आणि नर्मदा जेमतेम पाच फूट!

पुढच्या खेपेला नामदेवांनी मला सोडलं, गाठी मोजल्या आणि ओरडले, “आरे, दर्याला आज पानी वाढला काय?” मग त्यांनी माझी एक गाठ हातात धरून ताणली. हात पुरते पसरायच्या आतच दुसरी गाठ आली. बोटीवर जे हसू उसळलं म्हणता! पण त्यांनी गाठी सोडल्या नाहीत. मनातल्या मनात वजाबाकी करत राहिले. घरी आल्यावर बायकोला एवढंच म्हणाले, “तुझी वाव तोकडी हाय गो, पन गाठ पक्की हाय.” ही गोष्ट आमचं घर आणि बोट सोडून बाहेर गेली नाही.

मग बोटीवर पाण्याचा तळ दाखवणारा पडदा आला आणि माझी नोकरी गेली. मला वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण नर्मदेने मला फेकलं नाही. ती बोईसरच्या नाक्यावर मासळी विकायला यायची. डोक्यावरचा ताडपत्रीचा तुकडा बांधायला तिने मला घेतलं. सागराचा तळ गाठणारी मी, आता विजेच्या खांबाला बांधलेली. असो.

ती बसायची तिथे मागे पत्र्याचं कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत अर्धवट इमारतीचा सांगाडा. पूर्वी तिथेच आठवड्याचा बाजार भरायचा. मग कंपनीने ठरवलं, की खाली बाजार, त्यावर दुकानं, वर घरं, सगळं मिळून सात मजले. बाजारातल्या बायांना छपराखाली पक्के ओटे मिळणार होते. चार स्लॅब भरून झाले आणि काम थांबलं. नऊ वर्षं ते घोंगडं भिजत पडलं. आत रानटी वेल वाढले, कबुतरांनी संसार थाटले, आणि बाया बाहेर रस्त्याच्या कडेला. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला कारखान्यांचे ट्रक.

नर्मदेच्या शेजारी नवसी बसायची. ती डोंगराकडच्या पाड्यावरून करटोली, रानभाज्या घेऊन यायची. ट्रक धूळ उडवून गेला की नवसी भाजीवर पाणी मारायची आणि नर्मदा बोंबिलांवर. मग दोघी मिळून ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायच्या. एकदा नर्मदा म्हणाली, “नवशे, मरायच्या आधी एक दीस तरी मी छपराखाली बसून मासली विकनार. बाकी मला कायपन नको.”

आणि एके दिवशी कुंपणावर नवा फलक लागला. काम पुन्हा सुरू होणार! पण सात नव्हे, बावीस मजले. झालं. नाक्याचे दोन तट पडले.

दीपाली एका कारखान्यात कामाला होती. तिच्यासारख्या कितीजणी एकेका खोलीत चौघी-चौघी राहत होत्या. ती म्हणायची, “बावीस काय, तीस होऊ देत. आम्हाला घरं पाहिजेत.” त्याच रस्त्यावर पुढे राहणारे खंडेराव जुने शेतकरी. त्यांचं म्हणणं, “आमच्या नळाला दिसाआड पानी येतंय. बावीस मजले हात धुनार कुठं? आनी पडला तर माज्याच दारात. सातच्या वर एक वीट नाय.” खरं सांगू का, दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच मिटत नव्हतं. तीन बैठका आरडाओरड्यात मोडल्या. चौथीही मोडली असती तर कंपनी गाशा गुंडाळून जाणार, असं बोललं जात होतं. नर्मदेचं वय आता आणखी नऊ वर्षं थांबायचं नव्हतं.

चौथी बैठक सांगाड्याच्याच तळमजल्यात, रविवारी दुपारी भरली. कंपनीकडून हिमानी नावाची तरुण इंजिनीअर आली होती. पोर गुणी, पण कागद पाहून बोलणारी. तिने वाचलं, “या प्रकल्पामुळे परिसराच्या विकासाला भरपूर वाव आहे.”

नर्मदा मागे टोपलीशी बसली होती. ती उठली.

“किती वाव?”

हिमानी गोंधळली. “म्हणजे... भरपूर वाव आहे, मावशी.”

“भरपूर म्हंजे किती? दहा? वीस? मोजली असंल ना तुमी?”

सगळी सभा खो खो हसली. खंडेराव तर हसता हसता खुर्चीवरून घसरले. पण नर्मदा हसली नाही. तिने जन्मभर न मोजलेली वाव ऐकलीच नव्हती. “हसता काय? वाव म्हंजे वाव. बिल्डिंग किती वाव उंच व्हनार, ता सांगा. मग आमी हो-नाय बोलू.”

हिमानीने कागद खाली ठेवला. मोबाइलवर आकडेमोड केली. “बावीस मजले म्हणजे सहासष्ट मीटर. सहा फुटांची एक वाव धरली, तर छत्तीस वाव, मावशी.”

“आता कशी बोललीस! नवशे, दोरी सोड.”

मला खांबावरून सोडलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला कामासाठी हात लावत होतं. माझ्या गाठीगाठीतून काय शहारा गेला म्हणून सांगू! पण छत्तीस वाव आभाळात कशा मोजणार? मी बाई खाली जाणारी, वर कशी चढू?

नर्मदा म्हणाली, “उभा दिसत नाय ना? मग आडवा पाडा टॉवर.”

मग मला इमारतीच्या पायाशी धरून रस्त्यावर लांब पसरत नेलं. पन्नास माणसं मागे, मोठ्याने मोजत. दहा... वीस... तीस... छत्तीसावी गाठ पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर पडली. तिथून खंडेरावांचं फाटक अजून बरंच लांब होतं.

खंडेरावांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. “बस, एवढाच? मी उगा घसा बसवला. पडला तरी माज्या दारात नाय येत. एवढा असंल तर चालंल बाबा.”

टाळ्या पडल्या. दीपालीने शिट्टीच मारली. चार बैठकांचं भांडण एका गाठीवर मिटत होतं, पण हिशेब चुकला होता. कारण या छत्तीस वाव नामदेवांच्या नव्हत्या, नर्मदेच्या होत्या. खरा टॉवर अजून कितीतरी पुढे होता. हे तिथे दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि मला.

तिने माझ्याकडे पाहिलं. गप्प राहिली असती तर ओटा तिचा होता. छप्पर तिचं होतं. कोणाला कळलंही नसतं. तिने ती लाल चिंधी बोटांत धरली, जराशी चोळली.

“थांबा,” ती म्हणाली. “ही दोरी तोकडी हाय. आमच्या तांडेलाचा खांदा उतरलेला, म्हनून गाठी मी बांधल्या. ही माजी वाव हाय. टॉवर अजून लांब जातंय.”

मग खंडेराव हळूच म्हणाले, “मग मोज बाय पुढं. खरं काय ता कलू दे.”

चाळीसावी गाठही संपली. मी संपले, पण टॉवर संपेना. हिमानीने माझ्या दोन गाठींमध्ये टेप धरून हिशेब केला, चार वाव अजून हव्या होत्या. नर्मदा माझ्या टोकाशी उभी राहिली आणि तिने हात पसरले. तिच्या बोटाला बोट लावून नवसी उभी राहिली. मग दीपाली. चौथं कोणी पुढे येईना, तेव्हा हिमानीने गळ्यातली पिशवी काढून ठेवली आणि तीही हात पसरून उभी राहिली. भर रस्त्यात चार बाया हात पसरून! दोन ट्रक थांबले, ड्रायव्हर खाली उतरून विचारू लागले, “क्या हुआ, रास्ता बंद है क्या?” आणि हिमानीच्या बोटाचं टोक खंडेरावांच्या फाटकाला लागलं.

आता खंडेरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते तोंड उघडणार, तेवढ्यात नर्मदाच म्हणाली, “माजी वाव तोकडी, पन मोजलेली तरी हाय. तुमचा सात आनी दीपालीचा बावीस, कोनी मोजून बोलतंय काय?”

हिमानी टेपवरचा तो आकडा मनात घोळवत होती. ती एकदम आनंदाने ओरडली, “मावशी! तुमच्या दोन गाठी म्हणजे बरोब्बर एक मजला होतो!”

ऐकलंत? दर्यात ज्या गाठींना लोक हसले, त्या जमिनीवर नेमक्या बसल्या. मी किती फुगले असेन, विचारू नका.

नर्मदेने मग सरळ बाजार मांडला. मासळीच्या घासाघिशीत जन्म गेलेला तिचा. खंडेरावांना चौदाव्या गाठीवर उभं केलं, म्हणजे सातव्या मजल्यावर. दीपालीला फाटकाशी, बाविसाव्यावर. आणि स्वतः मध्ये. “हं, दीपाली, उतर थोडी. सगला पापलेट तुलाच पायजे काय?”

“एका मजल्यावर लहान घरं जास्त काढणार असाल तर उतरते,” दीपाली म्हणाली. हिमानीने लिहून घेतलं. दीपाली चार मजले चालत आली. “खंडूभाऊ, तुमी दोन गाठी चढा आता.” “पावसाचं पानी साठवायची टाकी बांधत असाल तर चढतो.” तेही लिहिलं. कोणी रुसलं, कोणी दोन पावलं मागे गेलं, नर्मदेने दोघांनाही गिऱ्हाइकासारखं चुचकारून परत आणलं. तासाभराने खंडेराव आणि दीपाली माझ्या चोविसाव्या गाठीवर समोरासमोर उभे होते. बारा मजले. चहा पंक्चरवाल्याने मागवला.

“आनी माजी दलाली,” नर्मदा म्हणाली, “आधी ओटे, मग मजले.”

हिमानीने हे सगळं वर पाठवलं, गावाच्या सह्यांसकट. वर महिनोन्महिने काय काय झालं ते मला माहीत नाही, दोरीला कोण सांगतो? पण भांडणच उरलं नाही म्हटल्यावर परवानगी मिळाली, कुंपणाचे पत्रे निघाले आणि आधी बाजार उभा राहिला.

तिथेही एक गंमत झालीच. नकाशात ओटा साडेतीन फुटांचा होता. बाया म्हणाल्या, साडेतीन फुटांत टोपली ठेवू की मांडी घालू? एकेकीला एक वाव पाहिजे. हिमानी आता शहाणी झाली होती. तिने लगेच विचारलं, “कोणाची वाव?” तेव्हा नवसीसकट सगळ्या बाया एका सुरात ओरडल्या, “तांडेलाची!”

नर्मदाही त्यांच्यातच होती.

मग सातपाटीहून नामदेवांना बोलावलं. धुतलेला सदरा घालून आले. एकेका ओट्याच्या जागी उभे राहिले आणि तो जुना निखळलेला खांदाही त्यांनी असा ताणला, की नवसी म्हणाली, “बाबा, बेतानं, भिंत फोडशील!” हिमानीने बोटांच्या टोकांशी खडूने खुणा केल्या. तेवीस ओटे, तेवीस वाव.

आज मी नर्मदेच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेली आहे. वर पाचव्या स्लॅबच्या पुढचं काम चालू आहे, दिवसभर ठोकाठोक. कोणी नवा साहेब येऊन ‘भरपूर वाव आहे’ म्हणाला, की बाया माझ्याकडे बोट दाखवतात. तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं. कोणी भरपूर म्हणालं, तर लाजू नका. उभे राहा आणि विचारा, किती? लोक हसतील. हसू द्या. आणि तुमची दोरी तोकडी असेल, तर तेही आपल्या तोंडाने सांगा.

पहिल्या सकाळची गोष्ट सांगून थांबते. नर्मदा ओट्यावर बसली. वर पाहिलं, पक्कं छप्पर. मग तिने हळूच दोन्ही हात पसरले, पार ताणून. बोटं कडांना पोचली नाहीत. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडभर हसू.

“बघ नवशे,” ती म्हणाली, “अजून वाव हाय.”

पलीकडच्या ओट्यावरून, करटोली निवडता निवडता, नवसीने विचारलं, “किती?”