अडीच भरलेलं लेकरू

मी एक शेर. पोटावरचे आकडे झिजलेले, बूड गंजलेलं, तरी तोरा कायम असलेलं लोखंडी माप. वारंगा फाट्याजवळच्या एका वाडीत, जनकाबाईच्या घरच्या कोनाड्यात मी बसून असायचो. तिच्या सासऱ्याचं दुकान होतं तेव्हा माझ्यावाचून पान हलत नसे. पुढे कायदा आला. ग्रॅम, किलो, टन अधिकृत ठरले. मी, मण, छटाक बाद झालो. खरं सांगायचं तर मी किलोपेक्षा थोडा हलका आहे. पण जनकाबाईच्या लेखी शेर काय नि किलो काय, नावाचाच फरक.

यंदा तिची सून सरिता घरीच बाळंत झाली; गाडी येईतो लेकरू जन्मलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी आशाताई निता वजनकाटा आणि झोळी घेऊन दारात आली. लेकरू अडीच किलोच्या आत असेल तर लगेच बाळापूरला दवाखान्यात न्यावं लागेल, म्हणाली. जनकाबाईनं तिला उंबऱ्यातच अडवलं. बाळंतिणीच्या खोलीवर सव्वा महिना परकी सावली पडू द्यायची नाही, असा तिचा नेम.

"बोकडावानी टांगून मोजतेत का लेकराला? आमी मोजून सांगतो."

तागडी निघाली. एका पारड्यात उघडं लेकरू. दुसऱ्यात मी, माझा जुळा भाऊ आणि आमच्या निम्म्यानं असलेलं अच्छेर. काटा मधोमध थांबला. इतक्या वर्षांनी काम मिळालं म्हणून मी फुगून बसलो होतो.

"बराबर अडीच," जनकाबाईनं आतून सांगितलं. निताला वाटलं, किलोच. ती पुढच्या घरी गेली.

लेकरू दूध ओढता ओढताच झोपी जाई. तळवे गार पडत. सरिताला राहवेना. तिनं डब्यातून साखरेचा न फोडलेला किलोचा पुडा काढला, एका पारड्यात तो ठेवला, दुसऱ्यात मला. पुडा खाली बसला आणि मी वर लोंबकळत राहिलो.

"आत्याबाई, किलो जड हाय. लेकरू अडीच न्हाई भरत. दवाखान्यात नेऊ."

"दुकानदारानं जास्त भरली असंल साखर. गप पड."

जास्त भरून देणारा दुकानदार मी तरी पाहिला नाही, आणि माझी जवानी दुकानातच गेली.

नवरा रत्नपाल ट्रक घेऊन परमुलखात. शेवटी सासू न्हाणीत असताना सरितानं लेकराला पदराखाली घेऊन उंबरा ओलांडला आणि फाट्यावर ऑटो धरला. बाळापूर येण्याआधीच पदराखालचं अंग ताठ झालं होतं.

"अडीचाचं लेकरू देल्लं व्हतं हिच्या हातात," जनकाबाई आल्यागेल्याला सांगत होती. "हिलाच सांभाळता आलं न्हाई." बाया मान डोलवत होत्या. मोजून सांगितलेलं लोकांना खरं वाटतं.

बांधाला पुरून, वर बाभळीचे काटे टाकून माणसं परतली. मग सरिता मला कोनाड्यातून उचलून घेऊन आली. जनकाबाई तिथंच उभी होती. सरितानं मला मातीवर ठेवलं.

"म्हना की आता, आत्याबाई. किलो हाय का शेर?"

जनकाबाई घराकडे चालू लागली.

तेव्हापासून मी इथंच आहे. बायांनो, तुमच्याही कोनाड्यात माझा एखादा भाऊ असेल. त्याला दाराला टेकू म्हणून लावा, पण लेकरू जोखायला घेऊ नका. परवा एक कुत्रं काटे चुकवून आलं. मी सगळा भार देऊन बसलो होतो. त्यानं नाकानं मला सहज बाजूला सारलं. इथंही मी कमीच भरलो.